बत्तिसाव्या ओळीतलं जास्तीचं घर

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. लोकांचे पासवर्ड, लोकांचे घोळ. दिवाळीत वाचकाला हलकंफुलकं लागतं." मी हो म्हणून टाकलं. तसं लिहूनही पाहिलं, दोनदा. दोन्ही वेळा तिसऱ्या पानावर अडकलो. सत्तावीस वर्षं लोकांची मशिनं उघडतो आहे, गमती पोत्यानं आहेत. पण लिहायला बसलं की त्या बाजूला सरकतात आणि एकच गोष्ट पुढे येऊन बसते. ती मी बायकोलासुद्धा या वर्षीपर्यंत सांगितली नव्हती. आता तीच लिहितो. गमती वाटेत येतील तेवढ्या येतील.

मी कमी बोलतो. दुरुस्तीच्या कामात हा गुण समजतात. ग्राहकाला वाटतं, माणूस विचार करतो आहे. पुष्कळदा तसं असतंही. कधीकधी मात्र माणूस नुसता गप्प असतो.

सक्करदऱ्याला तलावाच्या अलीकडे माझं छोटं दुकान आहे. पाटीवर 'कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती' लिहिलेलं आहे, पण विक्री केव्हाच थांबली. आता काम मुख्यतः दोन गोष्टींचं: लोकांची मेल चालू ठेवायची, आणि त्यांच्या फायली 'वर' ठेवून द्यायच्या. वर म्हणजे क्लाउडवर. "फोटो वर गेले का, भाऊ?" "ते वरून खाली आणून द्या ना जी." माझे सगळे ग्राहक असंच बोलतात, आणि त्यांच्यासोबत राहून मीही.

यातले एक निवृत्त मास्तर. आयुष्यभर भूगोल शिकवला. रोज सकाळी उठून ते स्वतःलाच एक कोरी मेल पाठवतात आणि ती परत आली की चहा घेतात. मी विचारलं, "हे काहून, सर?"

"पोस्ट चालू आहे का पाहतो गा. तुमच्या मशिनीचा काही भरवसा आहे?"

दुसरे एक होमिओपथीचे डॉक्टर. त्यांच्या मेलमध्ये दोन हजारांवर ड्राफ्ट पडलेले. औषधांच्या नोंदी, मुलीच्या लग्नाची यादी, बायकोशी झालेल्या भांडणाचे मुद्दे, सगळं अर्धवट मेल म्हणून लिहून ठेवलेलं, पत्त्याची जागा रिकामी. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, याला वेगळी जागा असते. ते म्हणाले, "पाठवलं का गेलं आपल्या हातून. नाही पाठवलं तेच आपलं." तेव्हा हसलो होतो. पुढे सहा वर्षं त्या वाक्याचा अर्थ मला रोज कळत गेला.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोनच गोष्टी सांगतो. पुढचं समजायला तेवढ्या पुरतात.

मेलच्या प्रोग्रामला जड ओझं उचलत नाही. फाइल एका मापाच्या वर गेली की तो ती मेलबरोबर पाठवत नाही. तो ती परस्पर वर नेऊन ठेवतो आणि मेलमध्ये फक्त तिचा दुवा चिकटवतो. पाहणाऱ्याला वाटतं, फाइल पत्रातच आली. नाव दिसतं, छोटं चित्रही दिसतं. खरं तर पत्रातून नुसती किल्ली आलेली असते, पेटी दुसरीकडेच. ही पहिली गोष्ट.

दुसरी अशी की मेल आणि फायली यांचं गोदाम एकच असतं. फायलींनी गोदाम भरलं की नव्या मेलला आत जागा उरत नाही, आणि ती पाठवणाऱ्याकडे परत जाते.

हे मी शंभर जणांना तरी समजावून सांगितलं असेल. किल्ली आणि पेटीचा दाखला माझाच आहे.

गांधीबागेत हातमागाच्या साड्यांची एक जुनी पेढी आहे. नाव लिहीत नाही. शेठजी सज्जन माणूस, आवाज चढवत नाहीत. त्यांच्या साड्यांचे काठ काढायचे पांडुरंगजी, कुहीजवळच्या एका खेड्यातले. स्वतः विणकर घरातले, पण हात वळला तो चित्राकडे. काठाचं चित्र चौकटीच्या कागदावर काढतात. प्रत्येक चौकटीला ते घर म्हणतात. घर भरलं की तिथं धागा उचलायचा, कोरं सोडलं की खाली ठेवायचा. विणकर कागदाची एकेक ओळ वाचतो आणि मागावरच्या लाकडी पट्टीत तशा खुंट्या बसवतो. एक ओळ, एक पट्टी. साठ-सत्तर ओळी झाल्या की काठाचा एक तुकडा पुरा होतो, आणि मग तोच तुकडा साडीभर पुन्हा पुन्हा फिरतो.

पांडुरंगजींचे असे एकशे बारा ग्राफ एका पत्र्याच्या पेटीत होते. चाळीस वर्षांचं काम. पेटीला खालून वाळवी लागली होती. शेठजींनी मला विचारलं, मी म्हटलं, स्कॅन करून वर ठेवू. पेढीवर कॉम्प्युटरचं काम प्रज्ञा मॅडम पाहायच्या. तिशीच्या आतल्या, बाहेरून एम.ए. करत होत्या, फोन उचलला की आधी 'जय भीम' आणि मग कामाचं. त्यांनी दोन महिने बसून एकेक कागद झटकून, सरळ करून स्कॅनरवर ठेवला.

ते काम चालू असताना मी एकदा पांडुरंगजींच्या अंगणात आंब्याखाली बसलो होतो. त्यांच्या मुलाच्या फोनवर सगळं दिसेल अशी सोय करून द्यायची होती. दुपारची वेळ. बोलता बोलता माझ्या फोनवर एक चित्र उमटलं. प्रज्ञा मॅडमनी त्याच मिनिटाला गांधीबागेत तो कागद स्कॅन केला होता. मी फोन पांडुरंगजींपुढे धरला. ते उठले, हौदाजवळ गेले, हात धुतले, धोतराला पुसले आणि मग फोन हातात घेतला.

"हे आता इथं आहे का तिथं?"

"दोन्हीकडे."

"अन् कागद फाटला त?"

"तरी आहे."

"अन् शेठजीच्या दुकानाले आग लागली त?"

त्यांची बायको सिंधुबाई सुपात धान्य पाखडत होत्या. त्या म्हणाल्या, "अशुभ नोका बोलू जी. त्या भाऊनं सांगितलं ना, आहे म्हणून."

"अवं, इचारून राहिलो मी. देवाले इचारत नाही का माणूस?"

मी सांगितलं, तरी आहे. आणि खरं सांगतो, सांगताना माझ्याही अंगावर काटा आला. इतकी वर्षं या धंद्यात, तरी मला याचं नवल संपलेलं नाही. चाळीस वर्षांचा एका माणसाचा हात हवेतून येतो आणि आंब्याखाली उतरतो. कोणत्या देशातल्या कोणत्या कपाटात तो ठेवलेला असतो, हे मलाही माहीत नाही.

मग मी आणखी एक वाक्य बोललो. "आता कागद घरात ठेवू नका. वाळवी घराच्या सागवानाला लागेल." त्या आठवड्यात पांडुरंगजींनी पेटीतले कागद अंगणात जाळले.

पुढे वर्षभर सगळं छान चाललं. विणकराला ग्राफ पाहिजे असला की प्रज्ञा मॅडम मेल करायच्या. ग्राफ जड, तो वर जायचा. मेलमधून दुवा जायचा.

मग लग्नसराईच्या ऐन गर्दीत शेठजींचा फोन. "भाई, दो दिवसापासून मेल येऊन नाही राहिली. पार्टी लोक म्हणतात, वापस येते." मी दुपारी गेलो. प्रज्ञा मॅडमचा एम.ए.चा पेपर होता, त्या अर्ध्या दिवसाच्या सुट्टीवर होत्या. त्यांचा कॉम्प्युटर त्यांच्याच नावानं उघडा होता. मी तिथंच बसलो. गोदाम भरलं होतं. आपली नेहमीची पद्धत: सगळ्यात जड माल वर येईल अशी यादी लावायची आणि वरून काढत जायचं. वर आले ते ग्राफ. एकेक स्कॅन शंभर-शंभर मेलच्या वजनाचा, नावं नुसती नंबरांची. मला वाटलं, हे तर सगळे मेलनं गेलेले आहेत, मेलमध्ये प्रती आहेतच.

किल्ली आणि पेटीचा दाखला देणारा मी. मला त्या क्षणी आठवलं नाही, एवढंच सांगता येतं.

सगळे निवडले, पुसले. पुसलेला माल महिनाभर कचऱ्याच्या डब्यात राहतो आणि जागा अडवतो, म्हणून डबाही रिकामा केला. इथून पुसलं की सगळीकडून पुसलं जातं. पांडुरंगजींच्या अंगणातल्या त्या फोनवरूनही. एक मिनिटही लागलं नाही. आणि अडलेल्या मेल एकामागून एक आत यायला लागल्या, टिंग, टिंग, टिंग. शेठजी गल्ल्यावरून म्हणाले, "वा! भाईचा हात लागला अन् नळ सुरू झाला." मला चहा पाजला. मी प्यायलो.

दोन महिन्यांनी एका विणकराला जुना काठ पाहिजे होता. दुवा उघडला तर 'ही फाइल उपलब्ध नाही'. दुसरा उघडला, तेच. मला बोलावणं आलं. वाटेतच, सीताबर्डीच्या सिग्नलला, मला सगळं समजलं. कंपनीकडून परत मागवायची मुदतही टळून गेली होती.

पेढीवर शेठजी आणि प्रज्ञा मॅडम उभे होते. मी मशीन उघडलं. कोणी केव्हा काय पुसलं याची नोंद असते. नोंदीत नाव प्रज्ञा मॅडमचं होतं.

शेठजींनी विचारलं, "किसने किया, भाई?"

मी म्हणालो, "प्रज्ञा मॅडमच्या लॉगिनमधून डिलीट झालेलं दिसतं."

हे खरं होतं.

प्रज्ञा मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही सांगा ना. असं आपोआप होऊ शकते का?"

"आपोआप होत नाही," मी म्हणालो.

हेही खरंच होतं.

तारीख माझ्यासमोर होती. त्या दिवशी त्या पेपरला गेल्या होत्या, हे मला माहीत होतं. त्यांना आणि शेठजींना ती तारीख दिसत नव्हती, कारण मी स्क्रीनवरची ती नोंदीची खिडकी लगेच बंद केली होती.

शेठजी समजुतीनं म्हणाले, "बेटा, काम करताना होते गलती. कबूल कर, बात खतम."

"मी नाही केलं, शेठजी. अन् ते त्या मेलमध्ये मी खाली..."

"आता मेलचं राहू दे, बेटा."

त्या थांबल्या. मेलमध्ये खाली काय, हे मी विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं.

शेठजींनी त्यांना काढलं नाही. कॉम्प्युटरवरून उठवून नमुन्यांच्या घड्या घालायला बसवलं आणि मला पासवर्ड बदलायला सांगितला. मी बदलला. तीन आठवड्यांनी त्या यायच्या बंद झाल्या. पांडुरंगजी एसटीनं आले, गादीवर बसले, सगळं ऐकून घेतलं. कोणालाही बोल लावला नाही. एवढंच म्हणाले, "मीच जाळले ना जी. माह्याच हातानं जाळले." त्यांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता आणि हात कापायचा. पुन्हा काढणं शक्य नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी मेल लिहायला घेतली. 'प्रज्ञा मॅडम,' एवढं लिहिलं. पुढे काही सुचलं नाही. प्रोग्रामनं ती आपोआप ड्राफ्टमध्ये ठेवली. माझ्या धंद्याची करामत पाहा: त्यानंतर मी दोन फोन बदलले, एक मशीन बदललं, आणि प्रत्येक नव्या वस्तूवर मी पोचायच्या आधी तो ड्राफ्ट वरून येऊन बसलेला असायचा. 'प्रज्ञा मॅडम,' आणि स्वल्पविराम.

पाच-सहा महिन्यांनी शेठजींनी नवा कॉम्प्युटर घेतला. जुन्या मेल नव्या मेल प्रोग्राममध्ये उतरवायचं काम माझं. नीट उतरल्या का पाहायला मी मधूनच एखादी उघडत होतो. पाठवलेल्या मेलमधली एक उघडली. वर मेलेला दुवा. पण मेल तिथं संपत नव्हती. खाली सरकवलं, तर मजकूर होता. आधी वाटलं, मशीनचा काही बिघाड आहे.

'ओळ १: ९ सोड, २ भर, १३ सोड. ओळ २: ८ सोड, ४ भर, १२ सोड. ओळ ३:'

असं खाली खाली, चौसष्ट ओळींपर्यंत. शेवटी लिहिलं होतं: 'दादा, तुमच्याकडे चित्र खुलत नाही म्हणाले, म्हणून लिहून पाठवते. रेंज नसली तरी एवढं येते.'

पुढची उघडली. तीत अडुसष्ट ओळी. त्याच्या पुढची. आतल्या खेड्यांत नेट एवढं मंद की जड चित्र अर्ध्यावर अडायचं, पण साधी अक्षरं पोचायची. म्हणून ही बाई दुपारी जेवणाच्या सुट्टीत ग्राफ समोर घेऊन एकेक घर मोजत होती आणि विणकराला शब्दांत पाठवत होती. तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. ती सांगायला गेली होती, तेव्हा तिला कोणी बोलू दिलं नव्हतं.

मी जड मालाची यादी लावली होती ना, या मेल तिच्या अगदी तळाशी होत्या. वजन काहीच नाही. एका ग्राफच्या स्कॅनच्या वजनात अशा कितीतरी हजार मेल बसल्या असत्या. एवढी मोठी गोदामं, एवढी आमची हुशारी, आणि काठ टिकले ते बोटांनी मोजून लिहिलेल्या शब्दांत.

एकशे बारापैकी एकोणसत्तर मिळाले. उरलेले त्रेचाळीस कोणी मागितले नव्हते, म्हणून लिहिले गेले नव्हते. ते आता कुठेच नाहीत.

पहिल्या मेलचा छापील कागद आणि ग्राफचं पॅड घेऊन मी पांडुरंगजींकडे गेलो. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मी वाचायचं आणि मीच घरं भरायची असं ठरलं. आंब्याखाली खाट टाकली. पहिल्या दहा ओळी नुसते ठिपके. विसाव्या ओळीपर्यंत एक देठ दिसायला लागला. मग देठाला बाक आला. पांडुरंगजी डोळे मिटून ऐकत होते आणि मी वाचायच्या आधी बोटानं हवेत दाखवत होते, "आता पान डाव्या अंगाले वयते पाहा." आणि कागदावर पान वळायचं! मी आयुष्यात लाखो फायली इकडून तिकडे नेल्या. फायलीच्या आत काय असतं, हे मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं.

बत्तिसाव्या ओळीला अडलं. '५ सोड, २ भर, ३ सोड, ४ भर, १ सोड, ३ भर, ७ सोड.' घरं पुरेनात.

"बेरीज करा बरं, भाऊ."

मी केली. पंचवीस. ग्राफ चोवीस घरांचा.

"एक घर जास्त आहे," पांडुरंगजी म्हणाले. "मोजणाऱ्याची नजर हलली. आता कोणतं काढावं? मले आठवून नाही राहिलं. लिवणारालेच माहीत." मग डोळे उघडून माझ्याकडे वळले. "कोणं लिवलं हे?"

सिंधुबाईही थांबून पाहायला लागल्या.

मी म्हणालो, "वर सापडलं."

"वर बसून कोणी घरं मोजते का, बाप्पा?" सिंधुबाई म्हणाल्या. मी पॅडवर पुन्हा घरं मोजायला लागलो.

शेवटी शेवटचं घर सोडून दिलं. त्यामुळे बत्तिसाव्या ओळीत पानाचं टोक जरासं हललं. विणून साडी आली तेव्हा शेठजींनी साऱ्या गांधीबागेत सांगितलं, "भाईने रिकव्हर किया! पानी में से निकाला!" एक साडी त्यांनी माझ्या बायकोला दिली. सुंदर साडी. तिच्या काठावर वेल चढत जाते आणि दर चार बोटांवर एका पानाचं टोक हलतं. बायको ती नेसली की मी काठाकडे पाहत नसे.

या वर्षी सक्करदऱ्याच्याच एका सभागृहात लग्न होतं. दुपारची पंगत उठली होती. बायको ती साडी नेसली होती. मी हात धुऊन आलो, तर एक बाई तिच्या पदराचा काठ दोन बोटांत धरून पाहत होती.

"ताई, हे कुठून घेतली?" ती विचारत होती. मग स्वतःशीच म्हणाली, "हे बत्तिसावी ओळ आहे."

प्रज्ञा मॅडम. केसांत थोडं पांढरं आलेलं. मला पाहून त्या म्हणाल्या, "सर, हे विणलं कसं? माझी चूक आहे ना ही. घड्या घालताना एक दिवस डोक्यात आलं, तीन नाही, दोन पाहिजे. मी दुरुस्तीची मेल पाठवणार होती. त्या दिवशी बसून पाहिलं तं पासवर्डच लागेना."

बायको म्हणाली, "अगं बाई, मला तर कधी दिसलंच नाही."

आणि मी बोललो. मंगल कार्यालयाच्या बेसिनपाशी, ओल्या हातांनी, बायकोच्या देखत. पेपरचा दिवस, उघडं लॉगिन, मी लावलेली यादी, मी रिकामा केलेला डबा, मी बंद केलेली खिडकी, मी बदललेला पासवर्ड. 'रिकव्हर किया' तेसुद्धा.

त्यांनी सगळं ऐकलं. चेहरा बदलला नाही. "मग मले काहून सांगून राहिले, सर?" त्या म्हणाल्या. "मी नाही केलं हे मले तं तेव्हाच माहीत होतं. ज्याले माहीत नाही, त्याले सांगा ना." आणि बायकोला म्हणाल्या, "ताई, साडी छान दिसते तुम्हाले." आणि गेल्या.

घरी आल्यावर बायकोनं साडीची घडी घातली आणि म्हणाली, "उद्याच जा."

गेलो. शेठजी आता थकलेत. ऐकून एवढंच म्हणाले, "छह साल?" मग म्हणाले, "मी त्या पोरीले बेटा म्हणो, भाई. अन् तुमचं ऐकलं." त्यांनी चहा मागवला नाही. मी तिथंच बसून मेल उघडली. सहा वर्षं स्वल्पविरामावर थांबलेला ड्राफ्ट होता, त्याच्याच पुढे लिहायला लागलो. पाठवायच्या पत्त्यांत शेठजी, पांडुरंगजींच्या मुलाचा पत्ता, सगळे विणकर, पेढीवरची सगळी माणसं. प्रज्ञा मॅडमचा पत्ता पहिला. काही जोडलं नाही, दुवा नाही, सगळं अक्षरांत. पाठवलं. ड्राफ्टच्या खान्यात पहिल्यांदा शून्य दिसलं.

दोन दिवसांनी पांडुरंगजींचा फोन आला. "भाऊ, पोरानं वाचून दाखवलं. माह्यासमोर खाटेवर बसून घरं भरली ना तुम्ही. तवा सांगाचं होतं. बरं, आता तिले इचारा, बत्तिसावी ओळ कशी धरू. पट्टी बदलवून घेतो. का तिच्या आठवणीनं तशीच राहू देऊ?"

मी तेवढंच प्रज्ञा मॅडमना कळवलं. मनात वाटत होतं, त्या म्हणतील, राहू द्या. आता ती काठाचीच खूण झाली. माझ्यासारख्या माणसाला तसं ऐकायला बरं वाटलं असतं.

त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मला एकट्याला नाही. माझ्या मेलवर जेवढे पत्ते होते तेवढ्या सगळ्यांना. माझ्या मेलबद्दल त्यात एक शब्द नव्हता. मशीननं त्यांच्या मेलचं वजन दाखवलं, तीन केबी. एवढं छोटं काही माझ्या स्क्रीनवर आजवर आलं नव्हतं. मी ती छापली, आणि छापील कागदावर विश्वास न ठेवता वहीत हातानंही उतरवून घेतली. जशीच्या तशी देतो:

'जय भीम. वेलीच्या काठात ओळ ३२ अशी घ्यावी: ५ सोड, २ भर, २ सोड, ४ भर, १ सोड, ३ भर, ७ सोड. आधी एक घर जास्त लिहिलं होतं. चूक माझी आहे. प्रज्ञा.'